ट्रेखालचा हिरवा रंग

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी नायक होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, नोकरीला अकरा वर्षं झालेली. उत्तरेकडच्या डोंगरात, साडेनऊ हजार फुटांवरच्या एका युनिटमध्ये मला हजर व्हायचं होतं. जागेचं आणि युनिटचं नाव मी लिहिणार नाही. या हकिगतीला त्याची गरज नाही.

सैनिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. माझी बंदूक बहुतेक दिवस शस्त्रागारात जमा असायची. माझ्या हातात पाना, मल्टिमीटर आणि तेलकट चिंधी. आमच्या एम. टी. पार्कमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, एकवीस गाड्या होत्या. रोज सकाळी ०६३० वाजता फर्स्ट परेड. ही माणसांची परेड नाही, गाडीची. तेल, पाणी, हवा, बॅटरी, ब्रेक. ड्रायव्हर तपासतो, मेकॅनिक त्यावर नजर टाकतो आणि फॉर्मवर दोघांच्या सह्या होतात. गाडी 'फिट' लिहिली गेली तरच गेटबाहेर जाते.

सह्यांबद्दल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी यायची. मी पाढे लिहिले ते पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. मिलमध्ये एका मशीनला संरक्षक जाळी नव्हती. तिच्यात एका कामगाराचा हात गेला आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. मॅनेजमेंटने खात्यातल्या सगळ्यांकडून लिहून घेतलं की जाळी होती. बाबांनी सही केली नाही. त्यांना खात्यातून काढून गोदामात टाकलं, आणि मिल बंद पडेपर्यंत ते गोदामातच राहिले. मी फौजेत निघालो त्या दिवशी स्टेशनवर ते म्हणाले, "बाकी काही सांगत नाही भिया. सही करायच्या अगोदर उघडून बघत जा." आमच्या घरात बाप मुलालासुद्धा भिया, म्हणजे भैया, म्हणतो. इंदूरचं मराठी तसंच आहे.

हजर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी गाड्यांची रांग बघत चाललो होतो. एका जिप्सीखालून आवाज आला.

"इंदौर से कोई भिया आया है, सुना. सेव लाया क्या?"

"लाया था. ट्रेन में ख़तम."

"तो फिर काय का भिया!"

असं म्हणत जो बाहेर आला तो लान्स नायक बनेसिंग. ड्रायव्हर, गौतमपुऱ्याचा. फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला ग्राईं म्हणतात. इंदूर आणि गौतमपुरा यांच्यात बसने दीड तासाचं अंतर आहे, पण त्या उंचीवर आम्ही एका गल्लीतले झालो. त्याच्या उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण होता. त्याच्या गावी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोटाचा खेळ होतो. हिंगोट म्हणजे एका रानफळाची पोकळ केलेली, बारूद भरलेली कवटी. दोन गावांचे लोक मैदानात समोरासमोर उभे राहतात आणि ती पेटवून एकमेकांवर सोडतात. मी त्याला म्हणालो, हा शुद्ध मूर्खपणा आहे. तो म्हणाला, "भिया, सामने से आता दिखता है ना. जो दिखता है उससे क्या डरना."

त्याची जिप्सी रेडिओ गाडी होती. मागच्या बाजूला वायरलेस सेट, आणि त्या सेटसाठी वेगळी, दुसरी बॅटरी. गाडीची मूळ रचना एका बॅटरीची. दुसरी कुठे ठेवायची याचा विचार गाडी बनवताना कोणी केला नव्हता. ती एका लाकडी खोक्यात, दोरीने बांधलेली असायची. घाटाच्या वळणांवर खोकं सरकायचं. एकदा बॅटरीचा पॉझिटिव्ह टर्मिनल बाजूच्या पत्र्याला लागून ठिणग्या उडाल्या. बनेसिंगने स्वतःचं जॅकेट आत कोंबून पुढचे चाळीस किलोमीटर गाडी आणली. पोचल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे आला.

"मेरी गाड़ी जल जाती आज. कुछ कर ना भिया."

'माझी गाडी.' तो नेहमी असंच म्हणायचा.

क्वार्टरमास्टर साहेबांना सांगून खालच्या शहरातून बाजारात तयार मिळणारा बॅटरी ट्रे मागवला. पत्र्याचा, काळा, चार भोकं, वर आडवी पट्टी. तो या गाडीसाठी केलेला नव्हता. तो आला तसा बसला नाही, आम्ही तो बसवला. आधी पुठ्ठ्याचा ट्रे कापून जागा ठरवली. टाकीची नळी आणि ब्रेक लाइन कुठून जातात ते खाली झोपून पाहिलं, मग भोकं पाडली. ट्रेखाली जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे हादरा थेट बॅटरीला बसत नाही. चारही बोल्टना खालून लॉकनट. पॉझिटिव्ह केबलला बॅटरीजवळच फ्यूज, आणि पत्र्यातून केबल जिथे जाते तिथे रबरी कडं.

उरली अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हची केबल गाडीच्या बॉडीला जोडायची. इंजिनावरचा आल्टरनेटर या दुसऱ्या बॅटरीला जे चार्जिंग देतो त्याचा परतीचा रस्ता हाच. केबलच्या टोकाला तांब्याचं कडं असतं, त्याला लग म्हणतात. लगखाली कोरा धातू पाहिजे. रंग असेल तर करंट जात नाही. मी रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिलीने गोल काढला आणि त्या गोलातला रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढला. खालचा पत्रा आरशासारखा निघाला. लग बसवला, बोल्ट कसला, वरून ग्रीस.

बनेसिंग बाजूला बसून बघत होता. "इतनी अच्छी गाड़ी पे ये गोल दाग?"

"हा गोल आहे म्हणून तुझा सेट बोलणार. याला कधी रंग लावू नकोस."

"हओ, भिया."

चार महिने तो सेट बोलला. वळणावर बॅटरी हलली नाही.

मग इन्स्पेक्शन आलं. मोठे साहेब येणार होते. फौजेत इन्स्पेक्शनच्या आधी काय होतं ते फौजेत राहिलेल्यालाच माहीत. रस्त्याकडेच्या दगडांना गेरू आणि चुना. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना. आग विझवायच्या बादल्यांना लाल रंग आणि गाड्यांना हिरवा. जिथे ब्रश पोचतो तिथे सगळीकडे हिरवा. पाच दिवस आमच्या नखांत तो रंग होता. जेवणाला टर्पेंटाइनचा वास यायचा.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दुपारी आमचे सुभेदार साहेब प्रत्येक गाडीत डोकं घालून बघत होते. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. जिप्सीच्या मागच्या बाजूला ते थांबले.

"निकम, ये क्या है? जंग?"

ग्रीसवर धूळ बसून तो गोल तपकिरी दिसत होता.

"साहेब, अर्थिंग पॉइंट है. ख़ाली रखा है."

"बड़े साहब को लेक्चर देगा अर्थिंग का? हरा कर इसको. ऊपर-ऊपर से नहीं, खोल के. लग के किनारे गंदे दिखते हैं."

मी 'राइट सर' म्हणालो.

हे वाक्य मी इथे वेगळं लिहितो, कारण सगळं तिथे घडलं. मला माहीत होतं. युनिटमध्ये ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. 'साहेब, सेट बंद पडेल' एवढे चार शब्द पुरले असते. फार तर शिव्या बसल्या असत्या. मी ते बोललो नाही. सुभेदार साहेबांच्या माथी मी हे मारणार नाही. त्यांना गोल दिसला, आणि त्याचा उपयोग सांगणं माझं काम होतं.

बनेसिंगने पाना घेतला, लग काढला, ब्रश मारला. हात फिरवता फिरवता थांबून त्याने मला विचारलं.

"भिया, ये तो मना था ना? घिसना पड़ेगा वापस?"

"आज राहू दे. इन्स्पेक्शन झाल्यावर घासू. उद्या."

रंग वाळल्यावर लग त्याच्यावरच बसवला.

इन्स्पेक्शन चांगलं झालं. मोठे साहेब गाड्यांच्या रांगेपुढून तीन मिनिटांत गेले. जिप्सीच्या आत त्यांनी बघितलंच नाही.

त्याच संध्याकाळी हुकूम आला. पुढच्या पोस्टवर रॅशन आणि बदलीची माणसं पोचवायची, सकाळी निघायचं. पुढे रेडिओ जिप्सी, तिच्यात कॅप्टन साहेब, ऑपरेटर आणि बनेसिंग. तिच्यामागे माणसांचा ट्रक. मेकॅनिक म्हणून मी ट्रकमध्ये, पुढे ड्रायव्हरशेजारी. मागच्या भागात तेरा जवान.

०५१० वाजता फर्स्ट परेड. थंडी इतकी की पेन चालेना, शाई गोठलेली. मी पेन बगलेत धरून गरम केलं. जिप्सीच्या बॅटरीला मीटर लावला. बारा पूर्णांक सहा व्होल्ट. आकडा बरोबर होता, कारण बॅटरी आदल्या दिवसापर्यंतच्या चार्जिंगने भरलेली होती. त्या दिवशी ती पुन्हा भरणार नाही, हे मीटर सांगत नाही. ते लग उघडला तर दिसतं. मी लग उघडला नाही. मी विसरलो होतो, असं म्हणालो तर खोटं होईल. माझी नजर त्या हिरव्या रंगावर गेली होती. पोचल्यावर घासू, एवढा विचार मनात आला आणि गेला.

फॉर्मवर सही केली. फिट.

०५४० वाजता रेडिओ चेक. जिप्सी अल्फा वन, आमच्या ट्रकमधला छोटा सेट अल्फा टू. "अल्फा टू, अल्फा वन. हाउ डू यू हियर? ओव्हर." "लाउड अँड क्लिअर. ओव्हर." गेट उघडलं.

सहा-सात तास काहीच झालं नाही. दर अर्ध्या तासाला जिप्सीतून रिपोर्ट यायचा. अकराच्या सुमाराला आवाज थोडा खरखरला. ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, डोंगर आहे, होतं असं. मी मान हलवली. जिप्सीतला सेट बॅटरीतून घेत होता आणि बॅटरीत काहीच परत येत नव्हतं.

१२३५ वाजता जिप्सी आमच्या दीड किलोमीटर पुढे होती. मधे एक लांब वळण, त्यामुळे ती दिसत नव्हती. त्या वळणावर जिप्सीच्या मागे दगड सुटायला लागले. नंतर ऑपरेटरने सांगितलं की आधी मूठभर आले, मग डोक्याएवढे, आणि वरचा उतार सबंध हलताना दिसला. कॅप्टन साहेबांनी सेट उचलला.

आमच्या सेटवर एवढंच आलं: "अल्फा टू, अल्फा वन. स्ट..."

सेट ऐकत असतो तेव्हा थोडी वीज खातो. बोलायला लागला की एकदम जास्त मागतो. बॅटरीत ती उरली नव्हती. ऑपरेटरने इंजिन जोरात फिरवून पाहिलं, पण इंजिनाचं चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचत नव्हतं.

आमचा ड्रायव्हर म्हणाला, "कुछ बोला क्या?"

मी म्हणालो, "रिपोर्ट असेल. चल."

ट्रक चालत राहिला.

वळणाच्या तोंडावर आम्हाला बनेसिंग दिसला. हातात लाल झेंडी, डोक्यावर टोपी नाही. त्या उंचीवर माणूस शंभर मीटर पळाला तरी छाती फुटते. तो त्या सरकत्या उताराखालून सातशे मीटर पळत आला होता. कॅप्टन साहेबांनी 'कोणीतरी जा' म्हणायच्या आत तो गाडीतून उतरला होता, हे मला मागाहून कळलं.

ट्रक थांबला. मी उडी मारली.

"पीछे ले! पीछे ले भिया, पूरा पहाड़ आ रहा है!"

"सेट काय झाला?"

"मर गया सेट. पीछे ले पहले."

अरुंद रस्त्यावर ट्रक मागे घ्यायचा तर मागे एक माणूस लागतो. मी शिट्टी घेऊन मागे गेलो. जाताना ओरडलो, "बने, चढ वर!"

तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. मान वर करून म्हणाला, "मेरी गाड़ी खड़ी है आगे. साहब हैं उसमें."

ड्रायव्हर गाडी सोडत नाही. हे त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवतात, आणि काही जण ते खरं मानतात. तो वळून पुन्हा जिप्सीकडे पळाला. आम्ही साठ-सत्तर मीटर मागे आलो असू. १२४९ वाजता उतार खाली आला. आवाज फार नव्हता. धूळ खूप होती.

जिप्सी पलीकडे सुरक्षित राहिली. ट्रक आणि त्यातली आम्ही पंधरा माणसं अलीकडे. बनेसिंग मधे.

आम्ही फावड्यांनी, मग हातांनी खणलं. १६१० वाजता तो सापडला. झेंडी मुठीत होती.

ढिगाऱ्यावरून पलीकडे जाऊन मी जिप्सीचं मागचं दार उघडलं. पान्याने लग काढला. खाली हिरवा रंग, लगच्या आकाराचा गोल दाब उमटलेला. खिशातल्या चाकूने खरवडला. लग परत बसवला, ऑपरेटरला इंजिन चालू करायला सांगितलं. वीस मिनिटांनी सेट लावला.

"अल्फा टू, अल्फा वन. रेडिओ चेक. ओव्हर."

"लाउड अँड क्लिअर. ओव्हर."

ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं.  पुढे चौकशीतही त्याने लगचा विषय काढला नाही.

चौकशी झाली, कोर्ट ऑफ इन्क्वायरी. टेबलामागे बाहेरच्या युनिटचे एक मेजर साहेब. फर्स्ट परेडचा फॉर्म त्यांच्यासमोर होता. सेट थंडीमुळे बंद पडला असावा, असं आधीच कोणीतरी लिहून ठेवलं होतं. त्यांनी मला विचारलं, "नायक निकम, वॉज द व्हेईकल फिट?"

"येस, सर."

दोन शब्द. अर्धं मिनिटही लागलं नाही. चार ठिकाणी सह्या केल्या. मिलमधल्या त्या मशीनला जाळी होती असं ज्या माणसांनी लिहून दिलं, त्यांचा मी लहानपणापासून तिरस्कार करत आलो होतो. त्या दिवशी मी त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्यांना निदान नोकरी जायची भीती होती, घरी पोरं होती. मला फार तर सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शिक्षेची एक लाल शाईची नोंद मिळाली असती.

मी ग्राईं, म्हणून शवपेटीसोबत मला पाठवलं. गौतमपुऱ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. त्याचे वडील, भेरूसिंगजी, यांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. त्याला त्रास झाला का? मी नाही म्हणालो. तेवढं खरं असावं, अशी मी आशा करतो.

पंधरा वर्षं पूर्ण करून मी बाहेर पडलो. आता इंदूरला, हातोदच्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं वर्कशॉप आहे. केबल, लग, फ्यूज राजवाड्याजवळच्या ठोक बाजारातून आणतो. लोक गाड्यांना काय काय लावून घेतात: इन्व्हर्टर, मोठे दिवे, गाणी. सगळ्याला दुसरी बॅटरी लागते आणि दुसऱ्या बॅटरीला ट्रे. महिन्याला पाच-सहा ट्रे बसवतो. बाबा कधीकधी येऊन स्टुलावर बसतात. मी प्रत्येक वेळी नाणं ठेवून गोल काढतो, ते त्यांनी पाहिलंय. त्या गोलाचं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं.

यंदा दिवाळीच्या आधी एक रुग्णवाहिका दारात आली. पांढरी, नवी कोरी. गौतमपुऱ्याच्या लोकांनी मिळून घेतलेली. हिंगोटाच्या दिवशी मैदानाच्या कडेला उभी राहायची होती. आतल्या उपकरणांसाठी दुसरी बॅटरी हवी होती. ड्रायव्हरच्या शेजारून पांढरा साफा बांधलेले भेरूसिंगजी उतरले.

"थारो नाम म्हने ई बतायो इनके," ते म्हणाले. माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. "फौज को आदमी है, काम पक्को करेगो."

मी पुठ्ठा कापला. जागा ठरवली, खाली झोपून नळ्या पाहिल्या, भोकं पाडली, ट्रे कसला. हात नेहमीसारखे चालत होते. मग खिशातून नाणं काढलं, गोल काढला आणि पॉलिश पेपर लावला.

"अरे अरे! नई गाडी है! रंग क्यूँ घिसे?"

भेरूसिंगजींनी माझं मनगट धरलं. बाबा स्टुलावर होते. मी पॉलिश पेपर खाली ठेवला.

मी त्यांना सगळं सांगितलं. आता लिहिलं त्याच क्रमाने, वेळांसकट. गोल, सुभेदार साहेब, ब्रश, 'उद्या'. सेट, लाल झेंडी, चाकूने खरवडलेला रंग. चौकशीतले दोन शब्द. रंग बनेसिंगच्या हातचा होता, हेही सांगितलं, आणि त्याने विचारलं होतं हेही.

मनगट त्यांनी कधी सोडलं ते मला कळलं नाही. ते उलट्या क्रेटवर जाऊन बसले. ड्रायव्हरने चहा आणला, तो तसाच निवला. बाबांनी मान खाली घातली होती. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं, आणि ती शिक्षा मला बरोबर पोचली.

मग भेरूसिंगजी म्हणाले, "वणी के मालम थो? रंग से सेट मर्यो, वो जाणतो थो?"

"पळायच्या वेळी? माहीत नाही, काकाजी. जाणत असेल. मी त्याला सांगितलं होतं, रंग लावू नको म्हणून."

"तो भी थारा पे चिल्लायो नी."

"नाही. पीछे ले, एवढंच म्हणाला."

 मग त्यांनी विचारलं, "ये सब सरकारी कागद में लिख्यो है?"

"नाही."

"कागद में कई है?"

"गाडी फिट होती. खाली माझी सही."

ते उठले. मला वाटलं गाडी घेऊन जातील. त्यांनी ड्रायव्हरच्या हातातली टॉर्च घेतली आणि तिचा झोत ट्रेवर धरला. प्रकाश त्या पेन्सिलीच्या गोलावरून हलला नाही.

"घिस," ते म्हणाले. "म्हारे सामे घिस. ने फेर लिख. म्हारा छोरा को नाम पूरो लिखजे."

मी घासलं. पांढरा रंग गेला, त्याखालचा करडा गेला, पत्रा चमकला. त्यांनी त्यावर अंगठा फिरवून बघितला. लग बसवला, कसला, ग्रीस लावलं. चार्जिंग मोजून त्यांना आकडा दाखवला. १७४० वाजता गाडी गेली. जाताना त्यांनी मला रामराम केला नाही.

बाबांनी त्यांच्या पिशवीतून जुनी पत्रकं काढून माझ्यासमोर ठेवली, कोरी बाजू वर करून. "बस इथेच," ते म्हणाले. "लिहून झाल्यावर मला वाचून दाखव."

म्हणून हे लिहिलं. याची एक प्रत, माझ्या सर्व्हिस नंबरसह, मी युनिटला पाठवतो आहे. थंडी, डोंगर, नशीब यांतलं काहीही या कागदात कारण म्हणून लिहिलेलं नाही. डोंगर पडणारच होता. तो पडायच्या आधी एका माणसाला सातशे मीटर पळावं लागलं, ते माझ्यामुळे.

लान्स नायक बनेसिंग, वडील भेरूसिंग, राहणार गौतमपुरा. ड्रायव्हर. वय एकोणतीस. पंधरा माणसांना थांबवून स्वतःच्या गाडीकडे परत जाताना, १२४९ वाजता.

मला विचारलं होतं, वॉज द व्हेईकल फिट?

नो, सर.